निगेटिव्ह कुणाच्या घरी आहे?

गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईकडील छायाचित्रकारांत फिल्मच्या कॅमेऱ्याकडे परत वळण्याची एक टूम निघाली आहे. अडगळीतला याशिका दुरुस्त करून घ्यायचा, परदेशी रोल चढ्या भावाने मागवायचे, न्हाणीघराची खिडकी काळ्या कापडाने झाकून अंधारखोली उभी करायची आणि मग मोबाईलवर दिवसाला दोनशे फोटो काढणाऱ्यांना संयमाचे धडे द्यायचे, असा हा प्रकार आहे. या मंडळींचे म्हणणे थोडक्यात असे : रोलमध्ये छत्तीसच चित्रे असतात, म्हणून माणूस विचार करून चाप दाबतो, फिल्मवर प्रकाशाचा प्रत्यक्ष ठसा उमटतो, म्हणून फिल्म खोटे बोलत नाही, डिजिटलने चित्र स्वस्त केले आणि या स्वस्ताईने नजर मारून टाकली.

या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही असे मी म्हणणार नाही. पण 'संयम' हा शब्द ऐकला की थांबून विचारावेसे वाटते, कुणाचा संयम? ज्याला बारा रोल परवडतात तो एकावर भागवतो तेव्हा त्याला संयम म्हणतात. ज्याच्या घरात तीन पिढ्यांत मिळून एक फोटो निघाला, त्याच्या स्थितीला कोणता शब्द वापरायचा? आपल्याकडे एकादशीला उपास म्हणतात आणि दुष्काळाला उपासमार. दोन्हीत पोट रिकामेच असते. फिल्म आणि डिजिटल यांची तुलना करणारे बहुतेक लेखन मला एकादशी करणाऱ्यांनी दुष्काळाविषयी बोलावे तसे वाटते.

माझे गाव गंगाखेड तालुक्यात, गोदावरीच्या काठावर. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यातल्या वस्त्या जळाल्या, हा इतिहास या नियतकालिकाच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. आमची वस्ती जळाली तेव्हा वडील अकरा वर्षांचे होते. त्या जळालेल्या घरांचे एकही छायाचित्र नाही. जळण्यापूर्वीच्या घरांचेही नाही. कॅमेरा गावात नव्हता असे मात्र नाही. वाड्यात होता. अ‍ॅग्फा कंपनीचा 'क्लिक थ्री' हा साधा पेटीसारखा कॅमेरा त्या काळी भारतात बनत असे आणि खाऊनपिऊन सुखी असलेल्या अनेक घरांत असे. एका रोलवर बारा चौकोनी चित्रे निघत. ती बारा चित्रे कुणाची निघाली असतील हे सांगायला नको. वाड्यातल्या माणसाने विचार करूनच चाप दाबला असणार. फिल्म संयम शिकवते ती अशी.

आमच्या घरात शिरलेला पहिला फोटो सरकारने काढलेला आहे. शेषन निवडणूक आयुक्त असताना, १९९३ पासून, छायाचित्र असलेली मतदार ओळखपत्रे देण्याचे काम सुरू झाले. शाळेच्या व्हरांड्यात माणसे ओळीने बसवली गेली आणि माझ्या आजीचा आयुष्यातला पहिला फोटो निघाला. डोळ्यांवर ऊन आल्याने डोळे बारीक झालेले, पदर डोक्यावर, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण. टपाल तिकिटापेक्षा थोडा मोठा. आजीने ते कार्ड मतदानापेक्षा स्वतःला पाहण्यासाठी अधिक जपले. आमच्या पिढीतल्या किती घरांत पहिला फोटो जातीच्या दाखल्यावरचा, शिष्यवृत्तीच्या अर्जावरचा, मतदार कार्डावरचा आहे हे विद्यार्थ्यांनी आपापल्या घरी जाऊन पाहावे. घरातल्या आनंदाला साक्षी म्हणून कॅमेरा आमच्याकडे आला नाही. ओळख पटवण्यासाठी आला.

आता अंधारखोलीविषयी. २००३-०४ साली अकरावी-बारावीत असताना परभणीतल्या एका स्टुडिओत मी कामाला होतो. रंगीत फोटोंची यंत्रे शहरात आली होती, पण अर्जांना लागणारे काळेपांढरे पासपोर्ट फोटो आमच्याकडे अजून हाताने निघत. सकाळी फरशी पुसायची, दुपारी ट्रे धुवायचे आणि संध्याकाळी मालक आत घेत असे. लाल दिवा, डेव्हलपरचा ट्रे, मग पाणी, मग हायपो. पांढऱ्या कागदावर आधी केस उगवतात, मग डोळे, मग कोटाची कॉलर. हे पाहताना मी इतरांप्रमाणेच हरखून गेलो होतो, हे कबूल केले पाहिजे. ज्यांना आज त्याची ओढ वाटते त्यांना मी हसणार नाही.

पण तिथेच मी दुसरीही एक गोष्ट शिकलो. गिऱ्हाईक सावळे असले की मालक विचारी, "उजळ काढायचा का?" नाही म्हणणारा एकही मनुष्य मला आठवत नाही. उजळ काढण्याचे दोन मार्ग होते. एक, निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने चेहऱ्याचा भाग गडद करायचा. निगेटिव्हवर जे काळे ते कागदावर पांढरे. दुसरा, एन्लार्जरचा प्रकाश कागदावर पडत असताना चेहऱ्याच्या जागेवर हाताची किंवा पुठ्ठ्याच्या तुकड्याची सावली क्षणभर हलती धरायची. प्रकाश कमी मिळाला की कागद तेवढा पांढरा राहतो. ज्या समाजाच्या सावलीचा विटाळ मानला गेला त्याच्या पोरांचे चेहरे मी सावली धरून गोरे करत होतो! तेव्हा यातले काही सुचले नाही. कामात हात बसला याचाच आनंद होता. मालक वाईट माणूस नव्हता. त्याने मला कला शिकवली आणि परीक्षेची फी भरली. तो बाजाराची मागणी पुरवत होता आणि ती मागणी आमच्याच तोंडून येत होती.

म्हणून 'फिल्म खोटे बोलत नाही' हे वाक्य माझ्या गळी उतरत नाही. फिल्म ही निसर्गातून आलेली वस्तू नव्हे. ती कारखान्यात, कुणाच्या तरी नजरेसमोर ठेवून बनवली गेली. कोडॅक कंपनी रंगीत छपाईची यंत्रे जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना एका गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असलेले कार्ड पाठवीत असे. पहिल्या स्त्रीच्या नावावरून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची कातडी नीट दिसली की यंत्र नीट झाले. वर्गाच्या फोटोत गोरी मुले स्पष्ट आणि काळ्या मुलांचे नुसते डोळे-दात, अशी चित्रे निघत. कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी या कार्डांचा इतिहास खणून काढला आहे. कोडॅकने गडद छटांकडे लक्ष दिले त्यामागे चॉकलेट बनवणारे आणि लाकडी सामान विकणारे यांच्या तक्रारी होत्या, असे त्यांना कंपनीतल्याच माणसांकडून कळले. काळ्या माणसाच्या आईची तक्रार पोचली नाही. टेबलाच्या लाकडाची पोचली. फ्रेंच दिग्दर्शक गोदार यांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी मोझांबिकमध्ये काम करताना कोडॅकची फिल्म वर्णद्वेषी आहे असे म्हणून ती नाकारली होती. १९७० साली पोलरॉइड कंपनीतल्या कॅरोलिन हंटर आणि केन विल्यम्स या दोन कृष्णवर्णीय कामगारांनी कंपनीविरुद्ध चळवळ उभारली, कारण दक्षिण आफ्रिकेत काळ्यांना बाळगाव्या लागणाऱ्या पासबुकांवरचे फोटो त्यांच्या कंपनीच्या सामग्रीने काढले जात. १९७७ साली कंपनीला त्या देशातून अंग काढून घ्यावे लागले. आपल्याकडे ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्म होती. ती स्वदेशी होती, पण सावळ्या कातडीला उजळ करणारी पेन्सिल काही तिने स्टुडिओतून हद्दपार केली नाही.

मग डिजिटलने न्याय केला काय? याचे उत्तर मला माझ्या घरातच मिळाले आणि ते मला आवडले नाही. २०१६ साली आजी गेली. बाबासाहेब आणि बुद्धाच्या प्रतिमांशेजारी लावायला फोटो हवा होता. मतदार कार्डाशिवाय दुसरे काही नव्हते. तालुक्याच्या गावी एका संगणकवाल्याकडे ते कार्ड दिले. चार दिवसांनी चौकट घरी आली. मान आजीची, खांद्याखाली दुसरीच कुणी बाई. अंगावर जरीच्या काठाचे हिरवे लुगडे, गळ्यात दागिने, मागे निळे आकाश आणि गुलाबाची झाडे. चेहरा दुधात भिजवल्यासारखा. आणि गोंदण नाहीसे झाले होते. डाग समजून पुसून टाकले असणार. पेन्सिलीच्या बारीक टोकाने जे धाकधुकीने व्हायचे ते आता माऊसच्या दोन टिचक्यांत झाले होते.

मी संतापलो. ही आपली आजी नाही, हे परत करा, म्हणालो. वडील चौकटीकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "जल्मभर फाटकंच नेसली ती. आता तरी जरीचं आसू दे की."

याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. मी सौंदर्यशास्त्रावर वर्गात तासन् तास बोलतो. वास्तवाचे विद्रूपीकरण, प्रस्थापितांच्या सौंदर्यकल्पनांचे आमच्या मनावरचे वर्चस्व, हे सगळे शब्द मला पाठ आहेत. पण ज्या माणसाने आईला आयुष्यभर जरीचे काही घेऊन देता आले नाही त्याने एका खोट्या चित्रात ते दिले, त्याला मी वर्चस्वाचा बळी म्हणू? तो फोटो आजही भिंतीवर आहे. मी फक्त मूळ कार्ड मागून घेतले. अमेरिकेतील गुलामगिरीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस यांनी आपली सुमारे १६० छायाचित्रे काढून घेतली होती. गोरे चित्रकार काळ्या माणसाचा चेहरा आपल्या समजुतीप्रमाणे रंगवतात, कॅमेरा तसे करणार नाही, असा त्यांचा विश्वास होता. प्रत्येक चित्रात ते गंभीर आणि ताठ दिसतात. त्यांचा विश्वास भाबडा होता असे आज म्हणता येईल. पण कॅमेऱ्यासमोर कसे बसायचे हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी आपल्या हाती घेतला, ही गोष्ट भाबडी नव्हती. माझ्या आजीला हा अधिकार शाळेच्या व्हरांड्यातही मिळाला नाही आणि संगणकवाल्याकडेही नाही.

बाबासाहेबांच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत असे मानण्याची सवय आहे. त्यांची पुष्कळ छायाचित्रे आहेत, कारण ते परिषदांत, सभांत, मंत्रिमंडळात होते. पण माता रमाईंची किती आहेत? राजगृहाच्या अंगणात फेब्रुवारी १९३४ मध्ये घेतलेले कुटुंबाचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यानंतर सव्वा वर्षाने, २७ मे १९३५ रोजी, रमाई गेल्या. तो चाप त्या दिवशी दाबला गेला नसता तर? याच संदर्भात नामदेव व्हटकर यांचे नाव मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली तेव्हा व्हटकरांनी स्वतःच्या पदराला खार लावून तिचे चित्रीकरण करवले. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट या वेगाने संपते. कॅमेरा भाड्याचा, फिल्म विकतची. त्या गर्दीत उभे राहून प्रत्येक मिनिटाला आपला पैसा फुटाफुटाने जळताना पाहणे म्हणजे काय, हे फिल्मच्या संयमाविषयी लिहिणाऱ्यांनी एकदा मनाशी आणावे. आज आपण ती जनसागराची दृश्ये पाहतो ती एका माणसाने कर्जाची पर्वा केली नाही म्हणून.

कलेच्या बाजूने पाहायचे तर दोन नावे शेजारी ठेवता येतात. अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची काळीपांढरी छायाचित्रे घेतली. तमिळनाडूचे एम. पलनी कुमार हे आजच्या पिढीचे. मासे विकणाऱ्या आपल्या आईचीही छायाचित्रे त्यांनी घेतली आहेत, आणि गटारात मेलेल्या सफाई कामगारांच्या घरच्यांचीही, रंगीत आणि डिजिटल. २०१७ च्या 'कक्कूस' या माहितीपटाचे छायाचित्रण त्यांचेच. ओलवे यांची चित्रे मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मॅनहोलमधून वर आलेल्या अंगावरची घाण आणि प्रकाश यांतला फरकच कळेना. काळ्यापांढऱ्यात घाण चकाकते. हे त्या चित्रांचे बळ आहे आणि त्यांचा धोकाही तोच. दालनात उभा असलेला सुखवस्तू प्रेक्षक 'काय टोन आहेत!' असे म्हणून पुढे सरकू शकतो. पलनी कुमार यांच्या चित्रांत ही पळवाट मिळत नाही. त्यांत प्लास्टिकच्या खुर्च्यांचा निळा रंग आहे, विधवेच्या साडीवरची फुले आहेत, मांडवाचे भडक कापड आहे. मृत्यू इथे सुंदर होत नाही, तो आपल्याच गल्लीत होतो. पण यावरून डिजिटल श्रेष्ठ असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे होईल. ओलवे यांचे कामगार छायाचित्रकाराकडे सरळ नजरेने पाहतात, आणि ती सरळ नजर फिल्मने दिलेली नाही. छायाचित्रकाराने त्यांच्यात घालवलेल्या काळाने दिली आहे. पलनी कुमार यांच्याकडेही तेच आहे.

खरा फरक मला दुसरीकडे दिसतो. तो पुराव्याचा आहे, आणि परभणीत राहणाऱ्या माणसाला तो टाळता येत नाही.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीच्या रेल्वे स्थानकासमोर, बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद झाला, दगडफेक-जाळपोळ झाली, पोलिसांनी वस्त्यांत शिरून धरपकड केली. १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. या प्रकरणी गुन्हा नोंदवावा असा आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला जुलै २०२५ मध्ये द्यावा लागला. १९७८ आणि २०२४ यांत एक मोठा फरक होता. या वेळी वस्तीत कॅमेरा होता. एक नव्हे, घरटी दोन. पोलिसी कारवाईची चित्रणे गच्चीवरून, खिडकीच्या फटीतून, दाराआडून घेतली गेली आणि तासाभरात गावोगाव पोचली. पुण्यातल्या कोणत्याही संयमी मंडळींनी ही गोष्ट विसरू नये. छत्तीस चित्रांच्या रोलने हे झाले नसते.

पण पुढे काय झाले? माझ्या माहितीतल्या एका मुलाने चार मिनिटांचे चित्रण केले होते. ते त्याने दोन गटांवर पाठवले, मग भीतीने फोनमधून पुसले, आणि महिन्याभरात फोनही विकून टाकला. आज त्या चित्रणाच्या प्रती शेकडो फोनांत असतील. पण त्या पाठवताना दाबून लहान झालेल्या, तारीख-वेळ गमावलेल्या, कुणी काढल्या हे न सांगणाऱ्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ अशा नोंदीसाठी प्रमाणपत्र मागते आणि त्यात फाईलचा अंकी ठसा नोंदवायला लावते. पूर्वी साक्ष कायद्याचे कलम ६५-ब होते. यावरचा मोठा निकाल आपल्या शेजारच्या जालन्यातून निघालेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतला, हे सिद्ध करायला निवडणूक कचेरीतलेच चित्रीकरण होते, पण अधिकारी प्रमाणपत्र देईनात. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले की मूळ उपकरण हजर करता येत नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. अर्जदाराने शक्य ते सारे केले होते म्हणून त्याला तेवढी सवलत मिळाली. तिथे दोन्ही बाजूंना आमदारकी केलेली माणसे आणि मोठे वकील होते. आमच्या मुलाने फोन विकला तेव्हा त्याने काय विकले हे त्याला सांगणारे कुणी नव्हते. मीही नव्हतो, मला हे कलम नंतर कळले.

निगेटिव्हचा गुण इथे उमजतो. निगेटिव्ह एकच असते. ते ज्याच्या पेटीत आहे त्याच्याकडे मूळ आहे. अर्थात तोच तिचा दोषही होता, कारण पेटी स्टुडिओवाल्याची असे. गिऱ्हाईक प्रत घेऊन जाई, मूळ दुकानात राही. दुकाने बंद पडली तेव्हा त्यांतली पोतीच्या पोती चांदी काढणाऱ्यांना वजनावर विकली गेली.

माझ्या जुन्या मालकाने दुकान बंद केले तेव्हा चार पेट्या माझ्या हवाली केल्या. बाकीच्या आधीच गेल्या होत्या. गेल्या उन्हाळ्यापासून महाविद्यालयातली सात-आठ मुले-मुली शनिवारी येतात. एका मोबाईलचा पडदा पांढरा करून त्यावर निगेटिव्ह ठेवायचे, दुसऱ्या मोबाईलने त्याचे चित्र घ्यायचे आणि त्यात काळ्याचे पांढरे करायचे, एवढीच आमची प्रयोगशाळा. पेन्सिल चालवलेली निगेटिव्ह बोटाने तिरकी धरली की चेहऱ्यावरच्या रेघा चमकतात. त्यांतल्या काही माझ्या हातच्या आहेत. उजळ करण्याची सोय त्या मोबाईलमध्येही आहे. ती कशी बंद करायची हे मला एका विद्यार्थिनीने दाखवले.

मूळ निगेटिव्ह परत कागदी पाकिटात जाते. पाकिटावर पूर्वी फक्त पावती क्रमांक असे. आता चेहरा ओळखला गेला की त्यावर नाव, गाव आणि कुणी ओळखले ते पेन्सिलीने लिहितो. मानवतच्या एका बाईंनी परवा आपल्या वडिलांना ओळखले आणि मूळच मागितले, प्रत नको म्हणाल्या. आम्ही ते दिले. त्याआधी त्याच पडद्यावर ठेवून त्याचे एक चित्र घेतले, तेही त्यांना विचारून. अकरा पाकिटांवर नावे आली आहेत. पेट्या अजून अर्ध्याही उघडलेल्या नाहीत.